चिखलदऱ्यात तीन रात्री मुक्काम आहे, पॉइंट सोडून मुलांना घेऊन बाहेर काय करता येईल?

आर्वीकर ताई

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की आम्ही घरचे पाच जण तीन रात्री चिखलदऱ्याला मुक्कामी येतोय. मी, आमचे हे, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि माझ्या सासूबाई. खोली गावातच घेतली आहे, गाडी घरची आहे.

मागे एकदा आलो होतो तेव्हा भाड्याच्या गाडीवाल्याने एका दिवसात सगळे पॉइंट उरकले. दार उघडा, फोटो काढा, कणीस घ्या, बसा गाडीत. पोरं अर्धा वेळ मागच्या सीटवर मोबाइलमध्ये. घरी आल्यावर मुलीला विचारलं काय पाहिलं, तर तिला फक्त माकडं आठवत होती. या वेळी तसं नको आहे. मुलांनी पायी चालावं, दमावं, झाडं-पाखरं ओळखावी असं मनापासून वाटतं. आमच्याकडे सगळं सपाट, कपाशी नि तूर. डोंगर त्यांना फक्त पुस्तकात भेटतो.

तर विचारायचं असं:
गाविलगड किल्ला मुलांना झेपेल का, किती वेळ लागतो? गावाच्या आसपास पायी फिरण्यासारखं काय आहे? सफारी करावी की पैसे वाया? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दिवसभर खोलीत बसवून ठेवायला मला आवडणार नाही. त्यांच्यासाठीही काही सांगा.

---

परतवाडा स्टँड

ताई, येताना परतवाड्यातच पेट्रोल फुल करून घेजा, अन ज्याले फोन करायचे त्याले तिथूनच करून घेजा. वर गेल्यावर रेंजचा भरवसा नाही.

रस्ते दोन हायेत. एक धामणगाव गढी, सलोना, मोथा करून. जवळचा हाये, पण वळणं लय. पोरीले गाडी लागत असंल तं तिले समोर बसवा अन सकाळी पोटभर खाऊ घालू नोका. दुसरा घटांगवरून, लांब पडते पण जंगल मस्त. माझं म्हणणं, जाताना सलोन्याकडून जा अन येताना घटांगकडून उतरा, म्हणजे दोन्ही पाहणं होते. शनिवार-रविवारी गर्दी असली की पोलीस एकेरी वाहतूक करतात, तवा ते सांगतीन तसं.

दिवाळीनंतर घाटात सीताफळाच्या टोपल्या घेऊन बाया बसतात. त्यायच्याकडून घेजा, गोड राहतात. अन खाली आमच्या भागात आंबियाचा संत्रा निघाला राहते, पेटीभर गाडीत टाका.

परतीच्या दिवशी टाइम असंल तं मुक्तागिरी करा. जैनांची 52 मंदिरं हायेत, डोंगराच्या अंगावर, मध्ये धबधबा. बैतूल जिल्ह्यात येते पण आमच्या परतवाड्यापासून जवळच हाये. पायऱ्या हायेत, आजीले खालीच बसवा लागंल. बहिरमची जत्रा मात्र तुमाले सापडणार नाही, ते डिसेंबरच्या शेवटाले सुरू होते अन जानेवारीभर चालते. हंडीतलं मटण अन रोडगे खायचे असतीन तं पुन्हा एक चक्कर करा.

---

मोथ्याचे गुरुजी

आर्वीकर ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी मेळघाटातल्या शाळांवर झाली, आता इथेच राहतो. इथे येणाऱ्या शंभर गाड्यांपैकी नव्वद तुम्ही वर्णन केलं तशाच फिरतात, आणि संध्याकाळी लोक म्हणतात, "चिखलदऱ्यात पाहण्यासारखं विशेष काही नाही." ते ऐकून वाईट वाटतं. हा डोंगर काचेतून दिसत नाही. इथे गाडी खोलीपाशी उभी करून चालत निघालं पाहिजे. तुमच्याजवळ तीन दिवस आहेत, ते पुष्कळ झाले.

पहिलं म्हणजे पॉइंटांची यादी बाजूला ठेवा. माझ्या मते तीन गोष्टी नीट करा: एक सकाळ गाविलगड, एक दिवस मेळघाटच्या जंगलात सेमाडोह-कोलकासकडे, आणि उरलेला वेळ पठारावर पायी.

गाविलगडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तो तासाभरात "करून" येतात. किल्ला गावाला लागूनच आहे, चालत जाता येतं. सकाळी सातला निघा. मुलांना चांगली अर्धी सकाळ आतच जाऊ द्या, दुपारच्या जेवणाला परत. चढ फारसा नाही, कारण आपण पठारावरूनच किल्ल्यात शिरतो. चौथीतली मुलगी आरामात चालेल. त्रास चढाचा नसतो, गवताचा असतो. दिवाळीनंतर आत गवत मोठ्या माणसाच्या खांद्याला लागतं, पायवाट अधूनमधून हरवते, आणि कुसळं मोज्यांत अशी शिरतात की पाऊल टाकणं नको होतं. म्हणून सगळ्यांना पायघोळ पँट, बंद बूट आणि मोजे हवेत; पँट मोज्यांत खोचलेली नको, मोज्यांवरून खाली सोडलेली हवी. हातात एकेक काठी. काठी पुढे आपटत चाललं की साप असला तरी बाजूला होतो. मुलगी पुढे धावायला लागली तर तिला मागे घ्या, वाट दाखवणारा माणूसच पुढे हवा.

आत गेल्यावर मुलांना काम द्या. दरवाज्याच्या दगडात शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलेला आहे आणि गंडभेरुंड हा दोन तोंडांचा पक्षी आहे. ते तुम्ही दाखवू नका, त्यांना शोधू द्या. सकाळचं ऊन तिरपं असलं की कोरीव काम उठून दिसतं, पिसांच्या रेघासुद्धा मोजता येतात. डोक्यावर ऊन आलं की तोच दगड नुसता काळा. आमच्या शाळेतली मुलं त्या दगडासमोर उभी राहून भांडत असत, पंजात धरलेला हत्ती आहे की डुक्कर. हत्ती आहे, पण भांडू द्यावं.

इतिहास मुलांना तिथेच उभं करून सांगा, घरी नको. बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळात, 1425 च्या सुमारास इथे मोठं बांधकाम झालं. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1803 मध्ये इंग्रज आले. 29 नोव्हेंबरला खाली आडगावची लढाई झाली आणि मग इंग्रज सेनापती वेलस्लीने गाविलगडाला वेढा घातला. दक्षिणेकडचे कडे सरळसोट आहेत, तिकडून चढाई शक्य नव्हती. म्हणून त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून मोठा वळसा घालून तोफा उत्तरेच्या बाजूला आणल्या. रस्ता नव्हता, जंगल तोडत, तोफा ओढत. तिथून त्यांनी बाहेरच्या तटाला भगदाड पाडलं. 15 डिसेंबरला फौज आत शिरली, पण आतल्या कोटाचा दरवाजा फुटेना. तेव्हा शिड्या लावून काही शिपाई तटावर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला. आठवीतल्या मुलाला एवढंही सांगा, की ज्या वेलस्लीने हा किल्ला घेतला त्यानेच बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. बाहेरच्या आणि आतल्या कोटामधल्या उतारावर उभं राहिलं की सगळी लढाई त्याला आपोआप कळेल. कुठून आले, कुठे अडले, कुठे शिडी लागली असेल, हे तो स्वतः सांगायला लागेल.

आत तळी आहेत, तोफा आहेत, मशीद आहे. तळ्यात मुलांना उतरू देऊ नका, काठ शेवाळलेले असतात. तटाच्या कडेवर चढून फोटो नको, दगड सुटलेले आहेत. आणि अत्तर, डिओ काही लावून येऊ नका. इथल्या कड्यांना, कमानींना आग्यामोहोळं असतात. माशा उठल्या तर पळायला जागा नाही. कुणी विडी-सिगारेट पेटवली असेल तर त्याला हात जोडून विझवायला सांगा.

सोबत गावातला एखादा कोरकू किंवा गवळी मुलगा घ्या. यावर माझा जोर आहे. वाट सापडावी हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. तो तुमच्या मुलांना सांगेल की हे विष्ठेचं डिखळ अस्वलाचं, यात बोरांच्या बिया दिसताहेत. ही साल बिबट्याने ओरबाडली. या झाडाची मोहाफुलं आमची आजी वेचते. हे मला शाळेत मुलांनीच शिकवलं. जे पैसे तो सांगेल ते द्या, घासाघीस करू नका.

पठारावर फिरण्याचं सांगायचं तर सकाळी ऊन पडलं की पंचबोल पॉइंटकडे चालत जा. गाड्यांची गर्दी दहानंतर सुरू होते, तोवर ती दरी तुमची. हाक मारली की उलटून येते हे सगळे सांगतात. पण हाक एकदाच मारा आणि मग मुलांना दहा मिनिटं गप्प बसवा. खालून वानरांचा खोकल्यासारखा इशारा ऐकू आला तर समजा, दरीत बिबट्या किंवा वाघ चालतो आहे. त्या बाजूला सावलीत कॉफीची झुडपं दिसतील, इंग्रजांनी लावलेल्या कॉफीची परंपरा. नोव्हेंबरात फांद्यांना फळं धरलेली असतात. तोडू नका, हात लावून पाहा.

भीमकुंडाला पाणी पावसाळ्यातल्यासारखं नसेल, पण तेव्हा खडक दिसतात आणि धुकं नसल्यामुळे दरीचा तळ दिसतो. कीचकाला मारल्यावर भीमाने इथे हात धुतले अशी कथा आहे, आजी नातवंडांना ती सांगतीलच. वैराट हा या भागातला सगळ्यात उंच माथा, सुमारे 1178 मीटर. वाट वनखात्याच्या गेटातून जाते, तेव्हा वेळ आणि परवानगी गेटवर विचारून घ्या.

झिपलाइन वगैरे करायची मुलाची हौस असेल तर आमझरीला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, तिथे अर्धा दिवस जाईल. वाईट नाही. पण तीनपैकी पहिला दिवस त्यात घालवू नका, मग मुलांना बाकीचं सगळं मंद वाटायला लागतं. आमझरीचा मध मात्र जरूर घ्या.

रात्री जेवण झाल्यावर अंगणातले दिवे घालवा आणि पूर्वेकडे बघा. नोव्हेंबरात आठच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका चांगला वर आलेला असतो, त्याच्याखाली लालसर रोहिणी, आणि झोपायच्या आधी मृग उगवतो. आर्वीतही हेच तारे आहेत, पण इथे कृत्तिकेत सहाच्या वर तारे मोजणारी मुलं मी पाहिली आहेत. स्वेटर, कानटोपी आणा. खाली पंखा लागत असेल तेव्हा इथे रात्री दुलई लागते.

---

अकोल्याचा पक्षीवेडा

गुरुजींनी बहुतेक सगळं सांगितलंच. मी फक्त सफारी आणि पक्ष्यांचं सांगतो.

ताई, मेळघाटात वाघ दिसेलच असं समजून जाऊ नका. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात हा आहे. वाघ आहेत, पण सागाचं दाट जंगल, खोल दऱ्या, त्यामुळे ताडोब्यासारखे रस्त्यावर दिसत नाहीत. ज्यांना फक्त वाघ हवा त्यांची इथे निराशा होते. रानगवा, सांबर, भेकर दिसण्याची शक्यता बरीच चांगली. रानगवा रस्त्यात उभा असेल तर गाडी लांब थांबवा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नको. तो आपणहून जातो.

सेमाडोह किंवा कोलकासकडून सकाळची फेरी घ्या. बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं, ओळखपत्र लागतं. कोअरमधले, म्हणजे गाभ्याच्या जंगलातले, मार्ग पावसाळ्यात बंद असतात, तुम्ही येणार तोवर सुरू झालेले असतील. सेमाडोहला जंगलाची माहिती देणारं केंद्र आहे, मुलांना आधी ते दाखवा, मग सिपना नदीच्या काठाने जेवढं फिरू देतात तेवढं फिरा.

आणि एका पक्ष्यासाठी डोळे उघडे ठेवा. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड. 1884 नंतर तो कुणाला सापडला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, आणि नंतर कळलं की मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे. बाकी बहुतेक घुबडं रात्रीची, हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसतो आणि शेपटी इकडून तिकडे झटकतो. साधा पिंगळा आणि हा सारखेच वाटतात. फरक असा की याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात आणि छातीवरचा तपकिरी पट्टा गडद, भरीव असतो. मुलीला आधी चित्र दाखवून ठेवा, लहान मुलांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

एक कळकळीची विनंती: मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि गाइड तसं करत असेल तर थांबवा. आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून तो शिकार सोडून, पिल्लं सोडून धावत येतो. रोज दहा गाड्यांनी असं केलं तर त्याने जगायचं कसं?

---

आर्वीकर ताई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने गुरुजींचं गाविलगडाचं वाचलं आणि वहीत नकाशा काढायला बसला आहे. मुलगी गंडभेरुंड म्हणजे काय ते सारखं विचारते, मी सांगितलेलं नाही.

दोन शंका. गुरुजी, अस्वलाचं वाचून घरच्यांना काळजी वाटते आहे. लहान मुलं घेऊन पायी फिरणं सुरक्षित आहे ना? आणि सासूबाईंचं राहिलंच.

---

मोथ्याचे गुरुजी

ताई, काळजी रास्त आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. अस्वल माणसाच्या मागे लागत नाही. त्याची नजर अधू असते, तो नाकाने चालतो, वारूळ उकरताना तर त्याला कशाचंच भान नसतं. आपण न बोलता त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिलो की तो घाबरतो आणि अंगावर येतो. म्हणून उजाडून ऊन पडल्यावर निघा, दुपारी चारच्या आत परत या, आणि जंगलातून जाताना गप्पा मारत चला. पंचबोलला गप्प बसायला सांगितलं ते मोकळ्या कड्याजवळ, रस्त्यालगत. झाडीत नाही. झाडीत मुलांना गाणी म्हणू द्या. संध्याकाळी ओढ्याकाठी, झुडपांत जाऊ नका, मग सोबत कुणीही असो. दिवसा, गावातला माणूस बरोबर, आखलेल्या वाटेने, एवढं पाळलं तर निर्धास्त या.

मला अस्वलापेक्षा कड्यांची भीती जास्त वाटते. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, असला तर कंबरेएवढा. मुलगी कड्याजवळ असताना तिचा हात कुणीतरी धरलेलाच हवा, आणि फोटो काढणाऱ्याने हात धरायचा नाही, दुसऱ्याने धरायचा.

आता आजींचं. देवी पॉइंटला उतरायला पायऱ्या आहेत, पण सावकाश उतरल्या तर जमेल. कातळाच्या पोटात देवीचं ठाणं आहे, वरून पाणी थेंबथेंब पाझरत असतं. नाहीच जमलं तर वरूनही समोर गाविलगडाचा तट दिसतो, खुर्ची टाकून बसा. तुम्ही किल्ल्यात असाल तेव्हा त्यांना शक्कर तलावाकडे किंवा वन उद्यानात सोडा, तिथे चढ-उतार नाही, बाकं आहेत, सावली आहे. मोथ्याला आलात तर गवळ्यांच्या वस्तीत खवा आणि रबडी मिळते. तिथल्या बाया आजींना बसायला बाज टाकून देतील आणि गप्पांना बसतील. स्ट्रॉबेरी मात्र तेव्हा नसेल, तिचा हंगाम डिसेंबर-जानेवारीपासून.

आणखी एक, हे आजींसह सगळ्यांसाठी. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत धारणी-हरिसाल भागातल्या आठवडी बाजारांत घुंगरू बाजार भरतो. गुरं राखणारे थाट्या लोक नटूनथटून, कमरेला घुंगरं बांधून, बासरी वाजवत नाचायला येतात. वर्षभर दुसऱ्यांची गुरं राखणाऱ्या माणसांचा तो आनंदाचा दिवस असतो. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, ते सेमाडोहला चहाच्या टपरीवर विचारा, कुणीही सांगेल. गेलात तर विचारल्याशिवाय तोंडासमोर मोबाइल धरू नका. नाचून झाल्यावर त्यांना बक्षिशी देण्याची रीत आहे, सुटे पैसे जवळ ठेवा आणि ते मुलांच्या हातून द्या. बाजारात कुटकी हे बारीक भरडधान्य मिळालं तर किलोभर घ्या, तिचा भात पोटाला हलका असतो, आजींना मानवेल.

सेमाडोहहून परतताना मात्र अंधार करू नका. दिवस लहान झालेले असतात, गाडी वेळेत निघालेलीच हवी.